राणी एक, बाकी फौजफाटा

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. चार माणसांत एकाला कसलं तरी खूळ लागू द्यायचं, बस! बाकीचं आपसूक होतं. आमच्या कंपनीत नवीन कुणी जॉइन झालं, की डब्याच्या सुट्टीत पहिला प्रश्न ठरलेला. "ते मुंग्यांचं खरंय का ओ?" आणि मग सगळं टेबल माझ्याकडे बघतं. कारण मुंग्या पाळणारा बालाजी माझा भाडेकरू, आणि काम करतो माझ्याच डिपार्टमेंटमध्ये. म्हणजे चोवीस तासांची साक्षीदार मीच!

मी शोभा. कुरुळीची. शेती होती, ती थोडी थोडी कंपन्यांत गेली. उरलेल्या तुकड्यावर सहा खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. मी स्वतः फायनल इन्स्पेक्शनला आहे. आम्ही गाड्यांना लागणारे बुश बनवतो. बोटभर लोखंडी नळकांडं, पण केसाएवढं माप चुकलं तरी गिऱ्हाईक बोंब मारतं. ती मापं घेण्यासाठी एक एसी खोली आहे, तिला स्टँडर्ड रूम म्हणतात. बालाजी तिथला. मूळचा उदगीरकडचा. त्याला कंपनीत चिकटवला मीच. तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली पोरानं, आणि यंदा प्लांट सांभाळणाऱ्या थोरवे साहेबांनी पर्मनंटचं लेटर दिलं तर दिलं, नाहीतर बॅग भरून गाव! त्यामुळे पुढचं सगळं घडत असताना माझा जीव टांगणीला होता, हे आधीच सांगून ठेवते. त्याला स्वतःला काही नव्हतं. त्याला राणीची काळजी!

*

पावसाळ्यात मुंग्यांना पंख फुटतात, बघितलं असेल तुम्ही. तशीच एक, पंख गळून गेलेली, तांबूस, जाडजूड मुंगी बालाजीला आमच्या न्हाणीच्या उंबऱ्यावर दिसली. दुसऱ्या कुणी चपलेनं चिरडली असती. यानं मेडिकलमधून काचेची नळी आणली, तळाशी पाणी, मधे कापूस, आणि बाईसाहेबांना आत सोडून तोंडालाही कापसाचा बोळा!

महिनाभर तिला खायला काही नाही. मी म्हटलं, "अरे मरंल ती! पाप लागंल!"

"न्हाई ओ ताई. पंख गळाले न्हवं, त्या पंखाच्या मासावर जगायलीय ती."

मग एका सकाळी, शिफ्टची बस गाठायची घाई, आणि हा माझ्या दारात अनवाणी उभा. "ताई, झाल्या! चार झाल्या!" हातात नळी. आत राणीभोवती चार बारीक लाल ठिपके. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं हो! मी म्हटलं चला, बिचारा घरापासून लांब असतो, कुणीतरी आहे सोबतीला.

"चावतात का रे?"

"न्हाई ताई, चावत न्हाईत," तो म्हणाला. मी हुश्श केलं. "ह्या डसतात. आधी दातानं धरायचं, मग मागून नांगी मारायची. दुसऱ्या दिवशी फोड येतो."

किती कौतुकानं सांगत होता!

*

दोन-तीन महिन्यांत चाराच्या तीनशे झाल्या. नळी पुरेना, म्हणून त्यानं प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्या. मग तोही पुरेना, म्हणून आत प्लास्टर ओतून, खाचा पाडून एक मोठा डबा केला. दोन्ही डबे पारदर्शक नळीनं जोडले, की जावा आता नव्या घरात! पण एकही हलेना. महिनाभर हा रोज शिफ्टवरून आला की डब्यासमोर बसून विनवण्या करायचा.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर शनिवारी वारुळाला पीठ-साखर घालणाऱ्या. त्यांनी एकदा विचारलं, "राणी म्हंजी कोन रं?"

"समद्यांची आई, आज्जी. तीच अंडी घालतीय."

"म्हंजी पोटुशी हाय!"

"कायमच, आज्जी."

झालं! पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं फर्स्ट शिफ्टला, आणि आत्याबाई ताट घेऊन त्याच्या खोलीत. पोटुशी बाई आपल्या घरात, आणि तिला हळदीकुंकू नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. डब्याचं झाकण उघडून चांगली चिमूटभर हळद आणि वर कुंकू वाहिलं. ओटीचे पाच तांदूळसुद्धा!

आता मुंग्या येऊ नयेत म्हणून आपण हळद टाकतो, हे त्या बाईला मला सांगायची गरज नव्हती. पण ते स्वयंपाकघरात. हे हळदीकुंकू! त्यांच्या डोक्यात दोन्हीचे कप्पे वेगळे.

बालाजी घरी आला, बघतो तर डबा रिकामा. वर पिवळंधमक. पोरगा मटकन खाली बसला. मी आत्याबाईंना बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचं लक्ष दुसऱ्या डब्याकडे गेलं. सगळ्याच्या सगळ्या नव्या घरात! अंडी तोंडात धरून नेलेली, राणी मधल्या खोलीत, सगळं शिस्तीत लावून झालेलं!

आत्याबाई म्हणाल्या, "आता! इतके दिस कुनी रीतीनं बोलावलंच न्हवतं तिला."

*

आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, मात्र मुंग्यांवर राग. बालाजी डबा साफ करायला ओट्यावर घेऊन बसला होता आणि हे शेजारच्या बाजेवर लुंगी लावून पेपर वाचत होते. झाकण किती वेळ उघडं राहिलं देव जाणे. मालक एकदम असे उठले की पेपर एकीकडे, चष्मा एकीकडे, आणि हे तिसरीकडे! लुंगी कुठं होती ते विचारू नका.

बर्फ लावून तासाभरानं बोलायला लागले. म्हणाले, "म्या भाडेकरू एक ठिवला व्हता. तीनशे न्हाई!"

त्यांचंही बरोबर होतं. त्या दिवशी ठरलं, मुंग्या घरात नाहीत. टाकून द्यायच्या म्हटल्यावर बालाजी जेवला नाही. आणि मग त्या शहाण्यानं डोकं चालवलं. त्यांना कंपनीत न्यायचं!

*

गेटवर शिंदे हवालदार. पलटणीतून रिटायर झालेले, राहायला दिघीला, मिशी अजून ड्युटीवर! बाहेरची कुठलीही वस्तू आत न्यायची तर त्यांच्या रजिस्टरला लिहावी लागते. काय वस्तू, किती नग. बाहेर नेताना तेवढेच नग दाखवायचे.

"काय आहे डब्यात?"

बालाजीला खोटं बोलता येत नाही. हाच त्याचा रोग. "मुंग्या, काका."

मी मागच्या मागे बसच्या आड झाले.

हवालदारांनी पेन उघडलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "किती नग?"

"मोजल्या न्हाईत."

"मोजा."

"काका, अंदाजे तीनशे लिहा."

"अंदाजे? उद्या बाहेर नेताना चारशे निघाल्या तर? वरच्या शंभर कुणाच्या?"

"काका, त्या वाढतात ओ!"

"कंपनीच्या टायमात वाढल्या तर कंपनीच्या! आतून एक नग जास्त बाहेर जाऊ देणार नाही मी. आणि कमी झाल्या तर तू काय सांगणार? लीव्हवर गेल्या?"

मागे शिफ्टची रांग तटलेली. लोक ओरडायला लागले. बालाजी रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, राणी एकच आहे. ती कायम एकच राहणार. बाकीच्या तिच्या सोबत असतात. तिला एकटी ठेवली तर ती मरंल."

हवालदार थोडा वेळ त्या डब्यात बघत राहिले. मग ताठ झाले आणि रजिस्टरला मोठ्या अक्षरात लिहिलं, "राणी, १ नग. बाकी फौजफाटा." खाली सही ठोकली आणि रांगेला म्हणाले, "बाजूला व्हा! आधी त्या जातील."

*

स्टँडर्ड रूममध्ये एसी बारा महिने चालू, कारण लोखंडसुद्धा उकाड्यानं फुगतं. मुंग्यांना पाहिजे ऊब. म्हणून बालाजीनं डबा कोपऱ्यातल्या यूपीएसवर ठेवला, तिथं कायम कोमट असतं. आणि मुंग्यांना लाल रंग दिसत नाही, लाल कागदाआड त्यांना अंधार वाटतो, म्हणून डब्याला चांगला लाल कागद गुंडाळला.

आता कंपनीत लाल रंग म्हणजे काय, हे शेंबडं पोर सांगेल! लाल पेटी, लाल खूण, लाल कागद म्हणजे रिजेक्शन. फेकायचा माल. दुसऱ्याच दिवशी हाऊसकीपिंगची माणसं आली आणि इमानदारीत डबा उचलून स्क्रॅप यार्डात टाकून आली. काम चोख!

बालाजी चहाहून येतो तर यूपीएस मोकळा. काय पळाला पोरगा! मी त्याच्या मागे, साडी धरून. यार्डात पत्र्याचे तुकडे दाबून ठोकळे करायचं मशीन धडाधड चाललेलं, आणि पट्ट्यावर रिजेक्ट मालाच्या रांगेत आमचा लाल डबा डुलत डुलत पुढे. बालाजीनं कशाचाही विचार न करता आधी ते मोठं लाल बटण दाबलं. मशीन बंद. डबा हातभर अलीकडे!

डबा कुशीत घेऊन तो तिथंच घमेल्यावर बसला. मला हसावं की रडावं कळेना. "आरं, लेटर निघायचंय तुझं!" मी म्हटलं. तो म्हणाला, "ताई, राणी आत फिरायलीय. वाचली."

मग मीच अक्कल काढली. चौदा वर्षं काय उगाच काढली नाहीत कंपनीत! मी त्या डब्याला पिवळा टॅग लावला. पिवळा म्हणजे "होल्ड". म्हणजे माल चांगला की वाईट हे अजून ठरायचंय. हिरव्याला लोक हात लावतात, लालला लावतात, पण पिवळ्याला? अंहं! जो हात लावेल त्याला निर्णय घ्यावा लागतो. थोरवे साहेब दिवसातून दोनदा त्या कोपऱ्यावरून जायचे, पिवळा टॅग बघायचे आणि पावलं लांब टाकायचे. सहा महिने!

*

एकदा मलाच डसली. साखरपाणी ठेवायला मदत करत होते, करंगळीला धरलं. आई आई गं! ठिणगी पडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी टरटरून फोड. फर्स्ट एडला गेले ती चूक. तिथल्या बाईनं फॉर्म पुढे केला. आमच्याकडे साधं खरचटलं तरी "व्हाय-व्हाय" भरावं लागतं. पाच वेळा "का?" विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. आणि फॉर्म जाणार थेट थोरवे साहेबांकडे!

फोड का आला? मुंगी डसली.

का डसली? हात वाटेत आला.

मुंगी टेबलावर का आली? इथं माझं पेन अडलं. अजून दोन "का" खरे लिहिले असते तर बालाजीचं लेटर गेलंच होतं. मी देवाचं नाव घेतलं आणि लिहिलं, टेबलावर साखर होती.

का होती? चहा सांडला.

चहात साखर का होती? आता याला काय लिहू? लिहिलं, "पद्धत आहे."

साहेबांनी मूळ कारण पकडलं. उपाय, चहा बिनसाखरेचा. आणि एका ठिकाणी सापडलेला उपाय सगळ्या प्लांटला लावायचा हा तर नियमच. नऊ दिवस चारशे माणसं फिका चहा पीत होती! पॅकिंगच्या बायका मला म्हणायच्या, "शोभाताई, कुण्या मुडद्यानं केलं ओ हे?" मी म्हणायची, "काय की बाई!" आणि करंगळी पदराखाली.

दहाव्या दिवशी मोठ्या साहेबांच्या पाहुण्यांनी पहिलाच घोट घेऊन कप खाली ठेवला, आणि दुपारपर्यंत साखर परत आली. इतका गोड चहा मी जन्मात प्यायले नाही.

*

आणि मग ती कम्प्लेंट आली. चाकणच्या गिऱ्हाईकाकडून. आमच्या बुशच्या पेटीत मुंग्या निघाल्या!

मेल वाचून मी थेट बालाजीकडे पळाले. बालाजीनं डबा दहा वेळा तपासला. झाकण घट्ट, काठाला मुंग्या घसराव्यात म्हणून पावडर लावलेली. पण कुणी सांगावं? थोरवे साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "मुंग्या आपल्याकडून गेल्या असतील तर पॅकिंगच्या दोन्ही बायका सोमवारपासून येणार नाहीत. आणि प्लांटमध्ये कुठं एक जरी मुंगी सापडली, तर त्या डिपार्टमेंटचं एकही लेटर निघणार नाही."

साहेब धरून आम्ही तिघं चाकणला निघालो. पेटीवर शिक्का माझा म्हणून मी, आणि भिंग-गेज घेऊन बालाजी.

तिथल्या इंजिनिअरनं काचेच्या बशीत दहा-बारा मेलेल्या मुंग्या पुढे ठेवल्या. साहेब माफीच्या तयारीत. त्यांच्या ओठांवर "आमच्या पॅकिंगमधल्या दोघी" इतकं आलंच होतं, तेवढ्यात बालाजीनं भिंग बशीवर धरलं. एकदा बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी सांगितलं, गप! नुसता गप बस! पण मला कळलं होतं, हा बोलणार.

"सर, ह्या आपल्या न्हाईत."

इंजिनिअर म्हणाला, "कशावरून?"

"ह्यांच्या कमरेला एकच गाठ आहे. आपल्यांच्या कमरेला दोन असतात. आन् ह्या काळपट हायेत, आपल्या लाल."

थोरवे साहेबांनी हळूच मान वळवली. "आपल्या?"

"हो सर," बालाजी म्हणाला. "पॅकिंगच्या मावश्यांचं काही न्हाई ह्यात. पेटी इथं कुठं ठेवली होती तेवढं बघू द्या."

पेटी आठ दिवस त्यांच्याच स्टोअरच्या रॅकवर होती. बालाजी गुडघ्यावर बसला, भिंतीला गाल लावला आणि बारीक काळ्या रांगेमागून रांगत निघाला. रॅकच्या मागे, विजेच्या पेटीवरून, थेट स्टोअरकीपरच्या कपाटात. आत राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा! गजबजलेला! इंजिनिअरनं तिथल्या तिथं कम्प्लेंट मागे घेतली, वर आम्हाला कोल्ड्रिंक पाजलं.

पण परत येताना माझ्या मनात एकच. दोघी वाचल्या, पण हा गेला! चाकण चौकात ट्रॅफिक तुंबलेलं, गाडी जागची हलेना, साहेब पुढच्या सीटवर दगडासारखे. थोरवे साहेब आळंदीचे. गळ्यात माळ, घरात कांदासुद्धा एकादशी बघून. रागावले की ओरडत नाहीत, गप्प होतात, आणि ते जास्त वाईट.

बऱ्याच वेळानं, मागे न बघता म्हणाले, "किती आहेत?"

"हजारावर असतील, सर."

"माझ्या प्लांटमध्ये."

"हो सर."

दोन ट्रक पुढे सरकले.

"खातात काय?"

"साखरपाणी, सर. आन् आठवड्यातनं एकदा उकडलेलं अंडं."

साहेबांनी डोळे मिटले. "राम कृष्ण हरी!" कुरुळी फाट्याला आम्हाला उतरवेपर्यंत पुढे एक शब्द नाही.

त्या रात्री आमच्याकडे कुणी धड जेवलं नाही. ज्यांची लुंगी गेली होती ते मालकसुद्धा म्हणाले, "पोरगं खरं बोललं, त्येला काय घालवत्यात व्हय?" बालाजीनं बॅग काढून ठेवली होती. मीच चिकटवला होता, मीच बघायचं होतं.

सकाळी बस गेटापाशी आली. गेटासमोर अंडा-भुर्जीची गाडी असते. शिफ्टवाले तिथं उभ्या उभ्या खातात. थोरवे साहेबांची गाडी तिथून जाताना काचा कायम वर. त्या दिवशी ती गाडी तिथंच उभी! आणि साहेब, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर बुक्का, शिफ्टवाल्यांच्या रांगेतून बाहेर येत होते. डाव्या हातात कंपनीचं लांबट पाकीट, वर बालाजीचं नाव टाइप केलेलं. उजव्या हातात, अंगापासून हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब, दोन बोटांत पेपरचा तुकडा, आणि त्या तुकड्यात एक उकडलेलं अंडं.

मला बघून सुटल्यासारखे झाले! जवळ येऊन, इकडेतिकडे बघून, हळू आवाजात म्हणाले,

"ताई, हे आपण सोलून द्यायचं, का त्यांचं त्या सोलतात?"